क्लबला मालक पाहिजे

आमच्या फुटबॉल क्लबला मालक शोधण्याचं काम माझ्याकडे आलं, ते केवळ माझं अक्षर चांगलं आहे म्हणून. फुटबॉलशी माझा संबंध इतकाच, की मी त्या क्लबचा चिटणीस आहे. चिटणीस कसा झालो ते विचारू नका. एका सभेला उशिरा पोचलो, आणि उशिरा पोचणाऱ्याच्या गळ्यात काय पडतं हे ज्याने कधी संस्थेत काम केलंय त्याला सांगायला नको.

मोसम संपायला आठ आठवडे असताना लीगचं पत्र आलं. मोसम संपायच्या आत मैदान चारी बाजूंनी बंदिस्त झालं नाही तर पुढच्या वर्षी संघाला घेतलं जाणार नाही. आमच्या मैदानाला एका बाजूने शाळेची भिंत आहे, दुसऱ्या बाजूने गोदामाची, तिसरीकडे कारखान्याची. चौथी बाजू रस्त्याला लागून सताड उघडी. तिथून चेंडू बाहेर जातो आणि सायकली आत येतात. एकदा आमच्या संघाने केलेला मोसमातला एकमेव गोल एका दूधवाल्याच्या चाकाला लागून झाला होता.

कार्यकारिणीची बैठक अध्यक्षांच्या दवाखान्यात बसली. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. त्यांच्या बाहेरच्या खोलीत, किडलेल्या दाढेच्या मोठ्या चित्राखाली आम्ही सातजण. त्या चित्राखाली कुणाला आशावादी राहणं जमत नाही.

"आज कुंपण मागतायत, उद्या दिवे मागतील, परवा गॅलरी," डॉक्टर म्हणाले. "वर्गणीवर किती दिवस ढकलायचं? बाहेरचा पैसा आणायला हवा. क्लबला मालक हवा. एक जाहिरात देऊ. चिटणीस, तुम्ही लिहा. चार ओळींचं तर काम आहे."

चार ओळींची कामंच माणसाला खातात. चाळीस ओळींचं काम असतं तर मी सरळ नाही म्हटलं असतं. शिवाय खरं सांगायचं तर मला ती कल्पना मनापासून पटली होती. मालक आला, की त्याचा पगारी चिटणीस येणार, आणि नऊ वर्षांनी माझा रविवार मला परत मिळणार. रविवारचं काय करायचं हे ठरलं नव्हतं; पण आपली वस्तू आपल्या ताब्यात असावी.

मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींना उत्तरं लिहितो. बावीस वर्षं एकाच वळणाचं लिहिलं की हाताला दुसरं येत नाही. मी लिहिलं, 'विषय : क्लबला मालक मिळणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, गेल्या नऊ वर्षांत सदर क्लबने एकही करंडक जिंकलेला नाही. तथापि खेळाडूंची प्रकृती उत्तम आहे.'

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या औषधवाल्यांनी ते वाचलं आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही क्लब विकताय की त्याची चौकशी लावताय? दोष कशाला सांगायचे? 'सुवर्णसंधी' लिहा." वरच्या मजल्यावरचे निवृत्त ओव्हरसीयर म्हणाले, "सुवर्णसंधी लिहिलं की लोकांना वाटतं फसवतायत. 'वाव आहे' लिहा. नऊ वर्षं हरलाय म्हणजे वाव आहेच." बायको म्हणाली, "काहीही लिहा, पण एका जागी बसून लिहा. आतल्या खोलीत तुमच्या फेऱ्या चालू असल्या की मला इथे भाजी चिरताना धडधडतं."

फेऱ्या मारण्याची माझी सवय तेव्हापासून वाढली हे मान्य. रात्री नाही, दिवसाउजेडी. कार्यालयातसुद्धा मी टेबलाभोवती फिरून तक्रारी वाचू लागलो, आणि दोन तक्रारदारांनी मला शिपाई समजून आपले अर्ज माझ्या हातात दिले.

जाहिरातीला तीन उत्तरं आली. एकाने विचारलं, क्लबात पत्ते चालतात का. दुसऱ्याला आम्हालाच चेंडू विकायचे होते. तिसरे गादीवाले.

गादीवाल्यांचा गाद्यांचा कारखाना होता आणि शहरात अकरा दुकानं. माणूस लठ्ठ, हळू बोलणारा, अतिशय सभ्य. त्यांना एकच खोड. बसण्याआधी ते प्रत्येक आसन तळहाताने दाबून पाहत. आमच्या घरच्या सोफ्यावर त्यांनी तळहात ठेवला, दाबला, आणि इतक्या सहानुभूतीने माझ्याकडे पाहिलं, की मला माझ्या लग्नापासूनच्या सगळ्या पाहुण्यांची क्षमा मागावीशी वाटली.

"क्लबचं नाव बदलेल," ते म्हणाले. "आमच्या गादीचं नाव लागेल. जर्सीवर आमचे पट्टे येतील. कुंपण मी घालतो, कपडे बदलायला खोल्या मी बांधतो, प्रशिक्षक आणतो. फक्त एक. क्लब कायद्याने माझ्या नावावर हवा. आणि त्याआधी एक सामना बघेन."

सामना दाखवायचा म्हणजे प्रेक्षक हवेत, हा शोध औषधवाल्यांचा. "रिकामं हॉटेल बघून कोणी आत शिरतं का? मी माणसं आणतो." रविवारी त्यांनी खरोखर आमच्या इमारतीतली आणि शेजारच्या इमारतीतली मिळून सत्तरेक माणसं आणली. सगळी हौसेने आली. मात्र आपला संघ कोणता हे त्यांना सांगायचं राहिलं. त्यांनी दहा मिनिटं बघितलं, कोण बरं खेळतंय याचा अंदाज घेतला, आणि पाहुण्या संघाच्या बाजूने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मी ओळींमधून वाकून वाकून सांगत होतो, "निळे आपले, निळे." ओव्हरसीयर म्हणाले, "हो, पण पिवळे किती छान खेळतायत बघा."

आम्ही पाच गोलांनी हरलो. गादीवाले मात्र खूश दिसले. "इतक्या कडक पायऱ्यांवर दीड तास कोणी उठलं नाही," ते म्हणाले. "या भागात फार वाव आहे." तो शब्द वापरायला ओव्हरसीयर बरोबर होते, हे मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही.

मग आलं संस्था नोंदणी कार्यालय. तिथल्या बाई माझ्याच जातकुळीच्या. म्हणजे टेबलावर फायलींची भिंत, भिंतीमागे शांत चेहरा. मी त्यांना आमच्याच वळणाचा अर्ज दिला. त्यांनी तो वाचला आणि पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या मराठीचं कौतुक केलं. "अर्ज सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "उद्या या."

बावीस वर्षं मी लोकांना 'उद्या या' म्हणत आलो. त्या दोन शब्दांची चव कशी लागते ते त्या दिवशी कळलं. उद्या गेलो, परवा गेलो. चौथ्या दिवशी बाईंनी एक जुनी फाईल काढली. तिच्यावरची धूळ त्यांनी इतक्या मायेने झटकली, की ती सगळी माझ्या शर्टावर आली.

"क्लब स्थापन झाला तेव्हाचे पाच विश्वस्त आहेत. त्यानंतर कुठलाच बदल कळवलेला नाही. म्हणजे आमच्या दृष्टीने क्लब अजून या पाचांच्याच ताब्यात आहे. हस्तांतर करायचं तर पाचही जणांच्या सह्या आणा."

"पण ते सगळे वारले असतील हो."

"मग मृत्यूचे दाखले आणा. नाहीतर सही, नाहीतर दाखला. तिसरं काही चालत नाही."

आयुष्याची इतकी नेमकी व्याख्या मी आधी ऐकली नव्हती.

पुढचे दोन आठवडे मी मेलेल्यांच्या मागे फिरलो. चार घरं सापडली. चारही ठिकाणी मी दारात उभा राहून आधी दुःख व्यक्त केलं, मग दाखल्याची प्रत मागितली. एका घरी चहा मिळाला, एका घरी सूनबाईंनी "आता तुम्ही पण का, मालमत्तेत वाटा मागायला?" म्हणून दार लावून घेतलं आणि प्रत नंतर फटीतून सरकवली. चार दाखले झाले. राहिला पाचवा, क्लबचा पहिला गोलकीपर. त्याला सगळे 'भिंत' म्हणत, एवढंच जुन्या लोकांना आठवत होतं. तो फार वर्षांपूर्वी गेला, याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं.

पत्ता एका छापखान्याच्या माडीवरचा निघाला. खाली यंत्र चालू होतं, त्यामुळे जिना, कठडा आणि मी, तिघेही थरथरत होतो. दार एका उंच, वाळलेल्या म्हाताऱ्याने उघडलं. मी चेहरा पाडला. आतापर्यंत तो आपोआप पडायला लागला होता.

"गोलकीपर काकांच्या जाण्याचं फार वाईट वाटलं," मी म्हणालो.

"कुठे गेले?"

"म्हणजे, वारले ते."

"कधी?"

"तारीख दाखल्यावर असेल. तो दाखलाच न्यायला आलो होतो."

म्हाताऱ्याने थोडा विचार केला. "मला कोणी कळवलं नाही," तो म्हणाला. "ये, आत ये. बस. उभ्याउभ्या कशाला."

माझ्या प्रतिष्ठेचं काय झालं ते मी सांगत नाही. मी बसलो. भिंतकाकांनी स्वतः चहा केला. कपाला धरलेले त्यांचे पंजे सुपाएवढे होते आणि दोन बोटं कायमची वाकडी. एकतीस वर्षांपूर्वी गुडघा गेला, मग बायको गेली, मग मैदानावर जाणं सुटलं. कुणीतरी येईल बोलवायला, असं त्यांना दोन-तीन वर्षं वाटत राहिलं.

"एवढ्या वर्षांत क्लबातून आलेला तू पहिला माणूस," ते म्हणाले, "आणि आलास तो माझा मृत्यूचा दाखला मागायला." ते रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं हिशेब जुळवल्यासारखं बोलले. मी बशीत उरलेला चहा संपवला.

मी त्यांना सगळं सांगितलं. लीग, कुंपण, गादीवाले, पाच गोल. गोल कसे झाले ते त्यांनी एकेक करून विचारलं. मला तीनच आठवले, तेही चुकीचे.

"सही करणार नाही असं मी म्हणत नाही," शेवटी ते म्हणाले. "पण सभा बोलवा. दोन्ही बाजू माझ्या कानाने ऐकेन. सभेने ठरवलं तर सही करीन."

घरी आलो तेव्हा बायकोने विचारलं, "मिळाला दाखला?"

"ते जिवंत आहेत."

"मग?"

"मग अवघड झालंय," मी म्हणालो. बायकोने हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेनंतर मी बराच वेळ आतल्या खोलीत दार लावून फिरलो.

सभा शाळेच्या एका वर्गात भरली. बाकं तिसरीच्या मुलांची. त्रेसष्ट सभासद गुडघे हनुवटीला लावून बसले होते. गादीवाल्यांनी बाक दाबून पाहिलं आणि उभंच राहायचं ठरवलं. भिंतकाका पहिल्या रांगेत पाय लांब करून बसले. कुणी त्यांना ओळखलं नाही. मग एका म्हाताऱ्या सभासदाने ओळखलं आणि तो इतका घाबरला की त्याला पाणी द्यावं लागलं.

आधी कप्तान बोलला. तो नळ दुरुस्त करतो; आमच्या खात्याची आणि त्याची तशी जुनी ओळख. "नाव बदललं तर बदलू दे," तो म्हणाला. "चेंडू पायात असताना मी नाव वाचत बसत नाही. मी नऊ वर्षं स्कूटरच्या आड उभा राहून कपडे बदलतोय. माझी मुलगी आता मोठी झाली, ती सामना बघायला येते. मला खोली पाहिजे."

मग औषधवाले उठले, आणि इतके दिवस सुवर्णसंधी म्हणणाऱ्या त्या माणसाने अचानक विरोधात भाषण केलं. गादीच्या पट्ट्यांच्या जर्सीत आपली पोरं झोपायला निघाल्यासारखी दिसतील, असं त्यांचं म्हणणं. ओव्हरसीयर म्हणाले, हरून परतताना तसंही झोपायलाच निघतात. दहा मिनिटं गोंधळ. तेवढ्यात दवाखान्यातून निरोप आला, की एका रुग्णाची दाढ अर्धी निघून अर्धी आत राहिली आहे. डॉक्टर अध्यक्षपदाची खुर्ची मला देऊन पळाले. त्या वर्गात मोठ्या माणसाची खुर्ची ती एकच होती, एवढाच माझा आनंद.

मग भिंतकाका उठले. "मालक, एकच विचारतो. क्लब नाही चालला तर काय कराल?"

गादीवाले दोन पावलं पुढे आले. "काका, खोटं बोलणार नाही. तीन वर्षं बघेन. नाही चाललं तर बंद करीन. माझी दोन दुकानं मी अशीच बंद केली. त्यात राग नसतो."

"बरोबर आहे," भिंतकाका म्हणाले आणि खाली बसले.

मतं घेतली. बाजूने तीस, विरोधात तीस. भिंतकाकांनी हात वर केलाच नाही, डॉक्टर दाढेत अडकलेले, बरोबरी. अशा वेळी अध्यक्षाचं मत निर्णायक असतं, हे मीच लिहून ठेवलेल्या नियमावलीत होतं. सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला. तिसरीच्या वर्गात मास्तरांकडे बघतात तसा.

मला रविवार हवा होता. कप्तानाला खोली हवी होती, आणि त्याचं म्हणणं औषधवाल्यांच्या म्हणण्यापेक्षा कितीतरी खरं होतं. हात वर करायचा एवढंच काम. पण मघाचं ते वाक्य डोक्यातून जाईना. त्यात राग नसतो. गादीवाले सज्जन होते, त्यांनी खरं तेच सांगितलं. आमच्याकडे मात्र नऊ वर्षं दर रविवारी रागावणारी माणसं होती. हरलो की रागावत, शिव्या देत, पुन्हा येणार नाही म्हणत, आणि पुढच्या रविवारी येत. ज्याला बंद करताना राग येणार नाही त्याच्या हाती हे द्यायचं, म्हणजे काहीतरी चुकत होतं. ते मला सुरेख अक्षरात लिहून देता आलं नसतं.

"अध्यक्षांचं मत विरोधात," मी म्हणालो. स्वतःबद्दल तृतीयपुरुषी बोलल्याने जरा धीर येतो.

गादीवाल्यांनी माझ्याशी हात मिळवला. जाताना कप्तानाकडे पाहून म्हणाले, "तुमचं बोलणं मला आवडलं." कप्तान माझ्याकडे पाहायला तयार नव्हता. तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि आमच्या घरचा नळ नेमका त्याच आठवड्यात गळायला लागला.

पाचव्या दिवशी तो स्वतः आला. नळ दुरुस्त केला, हात पुसले आणि म्हणाला, "मत दिलंत तुम्ही. आता कुंपणाचं बोला. मुदतीला बावीस दिवस आहेत."

"काय करायचं?"

"ज्याच्याकडे जे उभं राहील ते त्याने आणायचं."

त्याच्या त्या एका वाक्याने आमच्या दोन इमारतींचं रूप पालटलं. कुणी गच्चीवरचं जुनं लोखंडी फाटक आणलं, कुणी बाल्कनीचा कठडा, औषधवाल्यांनी दुकानाचं मोडकं शटर. दवाखान्यातून दोन पार्टिशन आली. त्यांतल्या एकावर 'कृपया तोंड उघडे ठेवावे' असं लिहिलेलं होतं. बाकी सगळी दारं. लोकांकडे इतकी फालतू दारं असतील याची मला कल्पना नव्हती. आमच्याकडे मात्र फालतू दार नव्हतं.

"आतल्या खोलीचं न्या," बायको म्हणाली.

"अगं, ते वापरातलं आहे."

"ते लावून तुम्ही फेऱ्याच मारता. आवाज बाहेर येतो तो येतोच."

कार्यालयाला रजा टाकून मी आयुष्यात पहिल्यांदा खड्डे खणले. तिसऱ्या खड्ड्याला पाठीने राजीनामा दिला. उरलेल्या शटरचे पत्रे आणि दोन दारं घेऊन कप्तानाने कोपऱ्यात कपडे बदलायची जागाही उभी केली. भिंतकाका खुर्ची टाकून बसत आणि कुठलं दार वाकडं आहे ते सांगत. त्यांची नजर अजून पक्की होती.

लीगचा निरीक्षक फीत घेऊन आला. उंची मोजली, चालली. मग त्याने एका दाराचा कडी-कोयंडा बघितला, कडी सरकवली, दार उघडलं, रस्त्यावर गेला आणि दुसऱ्या दारातून आत आला.

"फाटक एकच असावं असा नियम आहे," तो म्हणाला. "तुमच्याकडे एकोणचाळीस आहेत."

त्याला चहा पाजून होईतो आम्ही एक दार सोडून बाकीच्यांना खिळे ठोकत सुटलो. सदतीसाव्या दाराशी खिळे संपले, तेव्हा भिंतकाका उठून त्या दाराला पाठ लावून उभे राहिले. निरीक्षकाने ते दार ढकलून पाहिलं. हललं नाही. त्याने बरोबरची खूण केली, आणि उरलेली दोन त्याने तपासली नाहीत.

शेवटी त्याने छापील फॉर्म काढला. "मालकाचं नाव?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"किती जागा आहे?" भिंतकाकांनी विचारलं.

"एक ओळ."

"मग पुरवणी जोडा. सभासदांची नावं येतील. हा लिहील, याचं अक्षर चांगलं आहे."

"तीन प्रतींत लागेल," निरीक्षक म्हणाला. "कार्बन चालणार नाही. सोमवारी सकाळी."

त्यामुळे रविवारचा सगळा दिवस मी टेबलाशी बसून त्रेसष्ट नावं लिहीत होतो. तिसरी प्रत संपत आली तेव्हा बायको मागे येऊन उभी राहिली. मान वाकवून तिने वरपासून खालपर्यंत वाचलं, बोट लावून.

"माझं कुठे आहे?"

"अगं, ही सभासदांची यादी आहे. ज्यांचा क्लब त्यांची."

"दार कुणाचं गेलं?"

मी पेन खाली ठेवलं. समोर आतल्या खोलीची उघडी चौकट होती. आतला पलंग, दोरीवरचे कपडे, सगळं दिसत होतं. मी तिन्ही प्रतींत चौसष्ट आकडा घातला आणि तिचं नाव लिहिलं. ते तिने नीट पाहिलं.

"अक्षर जरा बिघडलंय," ती म्हणाली. "पुढचा सामना किती वाजता आहे?"